बेडकाच्या बरणीतल्या गोळ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही: माझ्या गोळ्या मी बेडकाला घातल्या.

बेडूक मेलेला होता, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये, तो माझ्या नोकरीच्याही आधीपासून हात वर करून उभा आहे. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येत असावं आणि सरांनी त्याच्याकडे पाहूच नये, तसा. त्याला कुणी किडनी दिलेली नव्हती. मला दिलेली होती. म्हणजे गोळीची गरज मला होती आणि खुराक त्याला चालू होता. हिंगोली जिल्ह्यात इतकं भारी औषध मिळालेला दुसरा बेडूक नसावा.

किडनी माझ्या बायकोची. आता खरी गोष्ट सुरू होते, आणि इथूनच माझी जीभ जड होते. मुळात मी बोलण्यात कंजूष माणूस. सेनगाव तालुक्यातल्या एका गावी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, राहतो हिंगोलीत, रोज मोटरसायकलवर ये-जा करतो. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असते, कारण तिथे बसलेल्याला झोप लागते. फळ्यासमोर मात्र माझं तोंड सुटतं, आणि तोंडाच्या आधी हात सुटतो. खडू टेकवला की एका दमात पेशीचा गोल. कंपास आणून ताडून बघा म्हणायचो. साखऱ्याहून, पुसेगावहून, आसपासच्या तांड्यांवरून येणारी पोरं मोबाइलवर त्या फळ्याचे फोटो काढायची. देवानं मला रूप दिलं नाही, आवाज दिला नाही, पैसा तर नाहीच. तो गोल दिला. माणसाला माजायला तेवढं पुरतं.

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा माझे दोन्ही भाऊ भेटायला आले. येताना शहाळी घेऊन आले. किडनी गेलेल्या माणसाला शहाळं चालत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. किडनी गेलेल्या माणसाला भाऊ चालतो, हे मात्र बराबर माहीत होतं, कारण चहा निवायच्या आत ते उठले. मला त्यांचा राग नाही. त्यांच्या जागी मी असतो तर शहाळीसुद्धा नेली नसती.

बायको तेव्हा स्वयंपाकघरात कणीक मळत होती. भाऊ गेल्यावर तिथूनच म्हणाली, "माझी घ्या की. दोन हायेत."

जसं काही शेजारणीनं पोळपाट मागितला होता.

तिच्या तपासण्या जुळल्या. ऑपरेशन मोठ्या शहरात झालं. तिची डावी किडनी माझ्या उजव्या बाजूला, ओटीपोटात बसवली. त्यानंतर आमचं भांडण झालं की मला कळेना कुठल्या कुशीवर झोपावं. कुठूनही ऐकणारं कुणीतरी होतंच.

घरी आल्यावर तिनं औषधांची पिशवी जमिनीवर ओतली आणि एकेक पाकीट उचलून विचारायला लागली. ती दहावी शिकलेली, पण तिचे प्रश्न माझ्या बारावीच्या वर्गापेक्षा धारदार असतात. एक लहानशी कॅप्सूल उचलून म्हणाली, "ही कशाची? डॉक्टर म्हन्ले, ही चुकली की खेळ खलास."

मी खूश झालो. मला कुणी विचारलं की मी खूश होतो. ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून पेशी केली आणि सांगायला लागलो.

रक्तात टी पेशी नावाच्या पहारेकरी पेशी फिरत असतात. अंगात परकं काही शिरलं की त्या ओळखतात. ओळखल्याबरोबर पेशीच्या आत कॅल्शियमची जी बारकीशी साठवण असते, ती रिती होते. आपल्या गच्चीवरच्या टाकीत पाणी उतरलं की फ्लोट खाली जातो आणि नळ आपोआप सुटतो ना, तसं: आतली साठवण रिती झाली की पेशीच्या पटलातली दारं उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत धावतं. ते आत आलं की कॅल्सिन्युरिन नावाचं एक प्रथिन जागं होतं. या कॅल्सिन्युरिनचं काम एकच. उंबऱ्यावर एक निरोप्या पायात बेडी घालून बसवलेला असतो, त्याची बेडी काढायची. बेडी निघाली की निरोप्या थेट केंद्रकात जातो आणि तिथं हुकूम सोडतो: सायटोकाइन बनवा. सायटोकाइन म्हणजे पेशीनं मारलेली बोंब. ती ऐकून ती पेशी स्वतः वाढते, एकीच्या कैक होतात, बाकीच्याही गोळा होतात आणि सगळ्या मिळून परक्यावर तुटून पडतात.

"आन ही गोळी?"

"ही कॅल्शियमला अडवत नाही. दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं, सगळं रीतसर होतं. ही फक्त कॅल्सिन्युरिनचा हात धरून ठेवते. बेडी निघत नाही. निरोप्या बसल्या जागी बसून राहतो. बोंब होत नाही."

तिनं तो भाकरीचा तुकडा बोटानं फिरवून पाहिला. मग म्हणाली, "इतके वर्सं नांदले, आन तुमच्या आंगातल्या पेशीला मी अजून परकीच हाय म्हना."

"पेशींना काय कळतं."

"मालकावर गेल्या असतील."

मग तिनं स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. "तुमी म्हंता, क्याल्शियम शिरलं की पेशी बोंबलती. मग मला ह्या क्याल्शियमच्या गोळ्या काहून देऊन राहिले? मी बोंबलावं म्हनून?"

मी सांगितलं की त्या हाडांसाठी आहेत. रक्तातलं कॅल्शियम शरीर एका मापात धरून ठेवतं, आणि पेशीची दारं उघडायची की नाही ते पेशीचं पेशी ठरवते. गोळी खाल्ल्यानं कुणी बोंबलत नाही. तिनं मान हलवली आणि तो तुकडा उचलून खाऊन टाकला. इतका चांगला तास मी पुढे कधी घेतला नाही.

गोळी दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. संध्याकाळची ती स्वतः माझ्या तळहातावर ठेवायची आणि घसा हलेपर्यंत समोर उभी राहायची. सकाळची वेळ यायची तेव्हा मी कॉलेजात असायचो. म्हणून सकाळची ती एका बारक्या डबीत घालून जेवणाच्या पिशवीत ठेवायची. ही डबी म्हणजे माझ्यावरचा विश्वास होता. मी तेव्हा तिला डबीच समजलो.

तकलीफ अशी झाली, की त्या गोळीनं माझे हात कापायला लागले. हे होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. चहाची बशी वाजायची, सही वाकडी यायची, त्याचं काही नाही. पण सुट्टी संपवून मी वर्गावर गेलो, मोठ्या थाटात फळ्यावर खडू टेकवला आणि गोल काढला. गोल कसला, भुईमुगाची शेंग. पुसला. परत काढला. दुसरी शेंग.

मागच्या बाकावरून तांड्यावरची एक पोरगी म्हणाली, "सर, पेशीला थंडी वाजून राहिली का?"

वर्ग हसला. मीसुद्धा हसलो. त्या पोरीचा काही दोष नाही. विनोद चांगला होता आणि निरीक्षण त्याहून चांगलं. पण मला तो गोल पाहिजे होता. माणूस मरणाच्या दारातून परत येतो तेव्हा शहाणा होऊन येतो, असं सगळे मानतात. मी तसाच परत आलो होतो, फक्त एक अवयव वाढवून.

त्यात आला रोगप्रतिकारशक्तीचा धडा. पुस्तकात टी पेशीवर चार ओळी आहेत. तेवढं शिकवून माणूस गप घरी जाईल. मी मात्र पोरांना कॅल्शियमची ती सगळी हकीकत शिकवायचं ठरवलं. अभ्यासक्रमात नाही, परीक्षेला येत नाही, कुणी मागितलेली नाही. पण ती माझी होती. माझ्या पोटात जे चाललंय ते मी फळ्यावर काढणार होतो: पेशीचा मोठा गोल, आत साठवणीचा लहान गोल, पटलातली दारं, कॅल्सिन्युरिन, निरोप्या, केंद्रक. मोठा फळा, रंगीत खडू. आणि त्यासाठी हात स्थिर पाहिजे होता.

म्हणून एका सकाळी मी डबी उघडली, कॅप्सूल बेडकाच्या बरणीत टाकली आणि झाकण लावलं.

एकदा चुकवून कंप जात नाही. दोन-तीन दिवस सकाळची चुकवली तेव्हा हात जरा जाग्यावर आला, आणि चौथ्या दिवशी फळ्यावर असा गोल उतरला की पोरांनी परत मोबाइल काढले. त्या सुंदर गोलासमोर उभं राहून मी पोरांना समजावलं की कॅल्सिन्युरिनचा हात मोकळा सुटला की काय होतं. त्या वेळी माझ्या स्वतःच्या अंगात तो सुटत चाललेला होता. हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

पुढे ती सवयच झाली. आकृतीचा आठवडा आला की बेडकाची चंगळ. तपासणीला जायची तारीख जवळ आली की मी आठवडाभर आधी सज्जन व्हायचो, दोन्ही वेळच्या गोळ्या घ्यायचो, रक्तातली औषधाची पातळी बराबर यायची, डॉक्टर मान डोलवायचे. जुनाट कॉपीबहाद्दर जे करतो तेच मी करत होतो. फरक इतकाच, की तो निदान नापास होतो तेव्हा स्वतःच होतो.

बेडकाच्या बाबतीत मी आणखी एक चूक केली, आणि ती जीवशास्त्राच्या मास्तरला शोभणारी नव्हती. मला वाटलं होतं, कॅप्सूल विरघळून जाईल. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं आणि फॉर्मॅलिनमध्ये जिलेटिन विरघळत नाही, उलट कडक होतं. एका दिवशी प्रयोगशाळेचे आमचे परिचर, निवृत्तीला आलेले गृहस्थ, बरणी उजेडाला धरून म्हणाले, "सर, ह्या बेडकानं अंडी घातली."

"मेलेला बेडूक कशाला अंडी घालेल?"

"त्येच म्हन्लं. आन बेडूक नर हाय."

मी बरणी त्यांच्या हातातून घेतली, "बुरशी असेल," म्हणालो आणि कपाटात मागच्या रांगेत ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे आहे. अंडी अजून तशीच आहेत.

मग एकदा ताप आला. पोटात, जिथं किडनी बसवली होती तिथं, जड जड वाटायला लागलं. लघवी कमी झाली. बायकोनं कपाळाला हात लावला, चेहरा पाहिला आणि गाडी बोलावली. सज्जन व्हायला मला आठवडा मिळाला नाही.

रक्त तपासलं. क्रिएटिनिन चढलेलं, औषधाची पातळी खूप उतरलेली. शरीरानं किडनी ओळखली होती. दारं उघडली होती, बेड्या निघाल्या होत्या, बोंब झाली होती आणि गाव गोळा झालं होतं. डॉक्टर खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले. मला विचारलं, "गोळी चुकली का कधी?"

मी तोंड उघडायच्या आत बायको बोलली. "एक बी न्हाई साहेब. सांजची मी सोता हातावर देते. सकाळची डबीत घालून देते, डबी रोज रिकामी येती. तुमी म्हनाल त्याची आन घेते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कुठल्या दिशेनं हलवली ते सांगायला नको.

त्यांनी पुढचं विचारलं, जे ते सगळ्यांनाच विचारतात: दुसरं काही औषध, काढा, जडीबुटी, घरगुती काही?

बायकोचा चेहरा उतरताना मी पाहिला. ती वसमतकडची. तिच्या माहेरी हळदीची शेती. हळद शिजवायच्या दिवसांत त्यांच्या घराची कुत्रीसुद्धा पिवळी दिसतात. तिच्या लेखी हळद म्हणजे जखमेला, सर्दीला, बाळंतिणीला, नवरीला, सगळ्यालाच. ऑपरेशननंतर ती मला रोज रात्री माहेरची हळद घालून दूध देत होती. तेवढं एक विचारायचं राहून गेलं होतं.

"हळदीचं दूध देत व्हते," ती म्हणाली.

"असलं काही आम्हाला विचारल्याशिवाय देत जाऊ नका," डॉक्टर म्हणाले. एवढंच. रागावले नाहीत, दोष दिला नाही, पुढच्या इंजेक्शनचं लिहायला लागले. पण तिच्या दृष्टीनं निकाल लागला होता.

आणि मला, खुर्चीवर बसल्या बसल्या, एक गोष्ट माहीत होती. हळदीनं या औषधाची पातळी हललीच तर वर जाते. खाली जाते असं मी तरी कुठं वाचलेलं नाही. माझी पातळी खाली गेली होती. म्हणजे तिचं दूध त्या दिवशी माझ्या बाजूनं लढत असेल तर असेल. विरुद्ध नक्कीच नव्हतं. हे एक वाक्य होतं. मी ते गिळलं. गोळी गिळायची सोडून माणूस काय काय गिळू शकतो.

मोठ्या इंजेक्शनांनी बोंब थांबली. किडनी वाचली, पण सगळी नाही. जेवढी गेली तेवढी कायमची गेली. राहिलेली चालते आहे, पण पहिल्यासारखी नाही. पाय सुजतात, मीठ तोडलंय. त्या दिवसापासून मी एकही गोळी चुकवलेली नाही. फळ्यावर शेंगा काढतो. पोरांना त्या आवडतात.

घरी आल्यावर बायकोनं हळदीचा डबा उचलला आणि शेजारणीला देऊन टाकला. मला बंद केली तिथपर्यंत ठीक. भाजीतली चिमूटभर चालते, असं डॉक्टरांनीही नंतर सांगितलं. पण तिनं घरातूनच काढली. स्वतःच्या ताटातूनसुद्धा. वरण पांढरं, भाजी करडी, खिचडी आजाऱ्याची. माहेरी गेली तर तिथं भाकरी-ठेचा खाऊन येते. हिंगोली जिल्ह्यात हळदीवाचून राहायचं म्हणजे मासळीनं पाण्यावर रुसण्यासारखं आहे. हळद काढणीच्या दिवसांत आम्हाला तिच्या माहेरी जावं लागलं, तर ती मला शिवेपासूनच उपरणं तोंडाला बांधायला लावते. पॉलिशच्या ड्रममधून पिवळी धूळ उडत असते आणि त्यातून मी दरोडेखोरासारखा चालत जातो. सासरे म्हणतात, "जावईबापू, दागिने उजव्या खोलीत हायेत."

माझी मोठी मेव्हणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, जिभेनं तिखट. एकदा आमच्याकडं जेवायला बसली आणि वरणाची वाटी तिरकी करून बघत राहिली. "बाई, ही खळ हाय का वरन? इलेक्शन आलं की पोस्टरवाले तुझ्याकडूनच नेतील."

सगळे हसले. बायकोही हसली आणि म्हणाली, "नेऊ दे. पोस्टरला रिजेक्शन तर न्हाई व्हत."

तो इंग्रजी शब्द तिच्या तोंडून किती सहज आला. तो ती हॉस्पिटलात शिकली. हॉस्पिटलात बाकावर भेटणाऱ्या दुसऱ्या बायकांना, ज्यांनी नवऱ्याला किंवा लेकाला किडनी दिलेली असते, ती अजून सांगते: "हळदीपून जपा, बाई. मी चुकले." मी शेजारी बसून मोबाइल बघतो.

यंदा लेकीचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी माझी रवानगी गच्चीवर. नवरीचा बाप मांडवात नाही, टाकीशेजारी मास्क लावून बसलाय. वर फ्लोटचा आवाज, खाली बायकांचा. पाहुण्यांना वाटलं, हुंड्यावरून काही बिनसलं.

खालून गाणी चालू होती, ती एकाएकी थांबली. मग लेकीचा आवाज. "आई लावनार नसंल तर मी उठते."

मी जिन्यात येऊन वाकून पाहिलं. लेक पाटावर बसलेली, पाच सवाष्णी आंब्याची पानं हळदीत बुडवून उभ्या. बायको भिंतीला टेकून, हात पदरात गुंडाळून.

"अगं, तिची माय हाय ना तू," मेव्हणी म्हणाली. "पयली तुझीच लागंल."

"तुमी लावा. माझा हात नको त्या हळदीला," बायको म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं. भाजीत मीठ पडलंय, तुम्ही टाकू नका, असं सांगावं तसं म्हणाली. "माझ्या हातची हळद एका मानसाला बाधली. लेकराला नको."

मी मास्कसकट खाली उतरलो. बायका बाजूला झाल्या. मला काय बोलायचं होतं ते मला माहीत होतं. चार शब्द होते. मी ते चार शब्द सोडून तास घ्यायला लागलो.

म्हणालो, हळदीनं असं होत नाही. म्हणालो, या औषधाची पातळी हळदीनं वाढली तर वाढते, कमी व्हायची नाही, आणि माझी कमी झाली होती. म्हणालो, कमी झाली म्हणून कॅल्सिन्युरिन मोकळं सुटलं आणि सायटोकाइन झालं. त्यात तुझ्या दुधाचा संबंध नाही. हातात पिवळी पानं घेतलेल्या पाच बायका आणि पाटावर माझी लेक, सगळ्या माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. असा शांत वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

मेव्हणी म्हणाली, "दाजी, मंगलाष्टकं बी तुमीच म्हना आता."

बायको हसली नाही. तिनं माझं बोलणं नीट ऐकलं होतं. तिची सवयच आहे ती. कपाळाला बारीक आठी घालून तिनं विचारलं, "दुधानं झाली न्हाई. मग कमी कशानं झाली?"

वर्गात असा प्रश्न आला की मी त्या पोराला नाव घेऊन शाबासकी देतो. प्रश्नात संशय नव्हता. संशय असता तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच विचारत होती.

"कशानंही होते," मी म्हणालो. "शरीर आहे."

"व्हय," ती म्हणाली.

लेक पाटावरून उठायच्या बेतात होती म्हणून बायको पुढे झाली. आंब्याचं पान उचललं, टोक हळदीत बुडवलं आणि लेकीच्या गालाला, हाताला, पायाला टेकवलं. बाकीच्या आया पानानं लावून झाल्यावर तळहातानं चोळतात, लेकीला हसवतात. ती पानावरच थांबली. पान ताटाच्या कडेला ठेवलं, बोटांना काही लागलं नव्हतं तरी मोरीवर जाऊन हात धुतले. मी परत गच्चीवर गेलो.

लेक सासरी गेली. घरात आम्ही दोघं, म्हणजे माझ्या पोटातली ती उरलेली धरून सव्वादोन म्हणा. वरण पांढरंच आहे. तिला रागवायची हौस असती तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. चार ताटं फुटली असती, मेव्हणी येऊन आणखी चार फोडून गेली असती. पण ती तशी नाही. ती ऐकून घेईल आणि मग विचारेल, "काहून?" आणि मला सांगावं लागेल की गोलासाठी. फळ्यावरच्या गोलासाठी, जो मी तास संपल्यावर माझ्याच हातानं पुसून येत होतो.

परवा तपासणीहून परत येताना, गाडीत, खिडकीबाहेर पाहत तिनं पुन्हा विचारलं. "तुमी तवा म्हन्ले व्हते, हळदीनं वाढती. मग कमी कशानं झाली असंल हो?"

मी म्हणालो, घरी गेल्यावर सांगतो. घरी आल्यावर तिनं संध्याकाळची गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि मी ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली. तो प्रश्न तिनं परत काढला नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.